झालं का मला पुसून?

मित्रांनो, मी एक संगणक आहे, आणि जुना आहे हे आधीच सांगून टाकतो, कारण मला पाहिलंत तर तुमच्या तोंडून तोच शब्द पहिला निघेल. माझा डबा पिवळा पडलाय. पुढचं एक बटण आत गेलंय ते बाहेर यायला तयार नाही. चालू झालो की पंखा असा घरघरतो, की गिऱ्हाईक दचकून विचारतं, "काही बिघडलंय का?" बिघडलं होतंच. पण नेमकं काय बिघडलं होतं ते वेळेवर कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि ती गोष्ट सांगितल्यावाचून माझ्याने राहवत नाही.

माझे भाग वेगवेगळ्या खोक्यांतून आले आणि एका दुकानात ते एकमेकांना जोडले गेले. आमच्या जातीत सगळ्यांचा जन्म असाच होतो, त्यात कौतुकाचं काही नाही. मला एका फोटो स्टुडिओत आणलं त्या दिवसापासूनच मी स्वतःला ओळखतो. एका बाजूला किल्ल्या करणाऱ्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला कपडे शिवणाऱ्याचं, आणि मधे आमचा स्टुडिओ. पुढे काउंटर, मागे पांढरा पडदा लावलेली फोटोची खोली, आणि दोन्हींच्या मधल्या कोपऱ्यात माझं टेबल. मला हात लावण्याआधी मालक हात धुऊन आले होते. एवढा मान मला त्यानंतर कुणी दिला नाही.

एक गोष्ट तुम्हाला माहीत असलेली बरी. मला डोळे नाहीत, कारण माझ्यावर कॅमेरा बसवलेला नाही. कान मात्र आहेत. कधीतरी कुणाशी तरी बोलायला म्हणून मालकांनी एक छोटा माईक लावला आणि तो काढायचा राहून गेला, त्यामुळे दुकानातलं सगळं माझ्या कानावर पडतं, आणि न दिसलेलं मी त्यावरून ताडतो. माणसं मला दिसतात ती फोटो होऊन माझ्यात आली की मगच. त्यामुळे अर्ध्या गावाचे चेहरे मला पाठ आहेत, पण माझ्या मालकांचा चेहरा मात्र मी कधी पाहिला नव्हता. ते नेहमी कॅमेऱ्याच्या मागे. मी त्यांना ओळखायचो ते हातावरून. माउस त्यांच्या हातात आला की बाण जिथे न्यायचा तिथे एका खेपेत जायचा आणि तिथेच ठरायचा. काय हात होता!

मालकांची एक सवय होती. फोटो सुधारून झाला की कडेच्या पट्ट्या, अवजारं, आकडे सगळं लपवायचे आणि फोटो पूर्ण पडद्यावर घ्यायचे. त्याला ते 'फुल स्क्रीन' म्हणायचे, तुम्हीही तेच म्हणता. "आता माणूस एकटा दिसू दे," असं म्हणून ते दहा आकडे मोजेपर्यंत गप्प बघत बसायचे. त्या दहा आकड्यांत काही खटकलं तर फोटो परत आत. त्यावाचून एकही फोटो दुकानाबाहेर गेला नाही.

काउंटरवर मालकीणबाई बसायच्या. त्यांच्यापुढेही एक छोटा पडदा होता, लांबलचक वायरने मलाच जोडलेला. मालक इकडे जे बघत ते तिकडे गिऱ्हाइकाला दिसे. बाई गिऱ्हाइकाला म्हणायच्या, "नीट बघा हं. आत्ताच बोला. घरी गेल्यावर नाक मोठं दिसतंय म्हणून परत येऊ नका, नाक तुमचं आहे." गिऱ्हाईक हसायचं, आणि तेवढ्यात मालक पुढच्या गिऱ्हाइकाच्या फोटोला लागायचे.

त्यांचं दुसरं एक काम होतं. फोटोच्या खोलीत जमिनीवर काळ्या पट्टीची फुली होती. गिऱ्हाईक केस विंचरत असायचं तेवढ्यात बाई त्या फुलीवर उभ्या राहायच्या, हातात एक पांढरा कागद धरायच्या, आणि मालक एक फोटो काढून उजेड बरोबर आहे का ते बघायचे. त्या फोटोला आमच्याकडे 'ट्रायल' म्हणत. एक क्लिक, मग "हो बाजूला", की बाई परत काउंटरवर. संध्याकाळी दुकान आवरताना पहिलं काम म्हणजे दिवसभराचे ट्रायल पुसणं, कारण माझ्या पोटात जागा कमी. ते पुसले जात असताना बाई काउंटरवरून रोज विचारायच्या, "अहो, झालं का मला पुसून?" आणि मालक म्हणायचे, "झालं, झालं. निघा आता."

त्यांची मुलगी चिऊ. आता चांगली मोठी बाई झाली आहे, पण तिचं चिऊपण सुटलेलं नाही. लहानपणी ती मालकांच्या मांडीवर बसून पुसायचं बटण दाबायचा हट्ट धरायची. "आई, तुला पुसू?" "पूस बाई, एकदाची पूस." मग तिची छोटी बोटं बटणावर, आणि पटापट सगळे ट्रायल गायब. तिघंही हसायची. मीही दिलेलं काम चोख करायचो. रोज चार, पाच, कधी दहा. इतक्या वर्षांत मी मालकीणबाईंना किती वेळा पुसलं असेल त्याची मोजदाद नाही.

मग त्या आजारी पडल्या आणि अकरा दिवसांत गेल्या. चिऊ दुसऱ्या गावात नोकरी करत होती, ती धावत आली. भिंतीवर लावायला आईचा एक फोटो हवा म्हणून ती माझ्यापुढे बसली, आणि मित्रांनो, अर्ध्या गावाचे फोटो जिथे होते तिथे तिची आई नव्हती. घरी लग्नातला एक कागदी फोटो होता म्हणे, त्यात त्या वीस वर्षांच्या आणि घाबरलेल्या. ओळखपत्रावरचा एक होता, डोळे ताणलेला. मोबाइलमधल्या दोन-तीन फोटोंत त्या कडेला, अर्ध्या कापलेल्या, कुणाची तरी पिशवी धरून. रोज दुकानात वावरणारी, नाक तुमचं आहे म्हणणारी बाई कुठेच नव्हती. पुसलेलं परत आणणारा एक प्रोग्राम चिऊने माझ्यावर तीन दिवस चालवला. पण त्या जागांवर केव्हाच दुसऱ्यांची लग्नं आणि बारशी येऊन बसली होती.

चिऊ नोकरी सोडून दुकानातच राहिली. बाईंचा छोटा पडदा बंद करून त्यावर कुणीतरी कापड टाकलं. वायर गुंडाळायला चिऊ वाकली तेव्हा मालक म्हणाले, "ती वायर काढायची नाही." चिऊने ती तशीच ठेवली.

आणखी एक गोष्ट तेव्हा थांबली. दुपारी जेवणानंतर काउंटरवरून हाक यायची, "अहो, गोळी." मालकांना साखरेचा आजार होता आणि गोळीची आठवण म्हणजे बाईंची हाक. आता चिऊ विचारायची, "बाबा, गोळी घेतली?" मालक म्हणायचे, "घेतली गं." पण त्या वेळी माउस त्यांच्याच हातात असायचा आणि खुर्ची जागची हललेली नसायची. मला कळायचं की ते उठलेच नाहीत. पण माझं कोण ऐकतंय?

तीन-चार महिन्यांनी मालक म्हणू लागले, "हल्ली ह्याच्यावर बारीक दिसतं सगळं." चिऊने लगेच माझ्यासाठी एक नवा, मोठा थोरला पडदा आणला. मी हुरळून गेलो. म्हातारपणी नवे कपडे मिळाल्यासारखं झालं. पण पहिल्याच दिवशी मालकांनी एका नवऱ्यामुलाचा फोटो फुल स्क्रीनवर घेतला आणि माझा जीव कासावीस झाला. एवढा मोठा फोटो रंगवायला मला वेळ लागू लागला. मालक माउस इकडे नेत आणि बाण मागून धापा टाकत येई. मग पडदा काळाठिक्कर, आणि प्रोग्राम आपोआप बंद. शेवटचं सेव्ह केल्यानंतरचं सगळं काम गेलं.

"हे खटारं आता काढायला हवं," चिऊ म्हणाली.

"काही नको. ह्याला माझा हात माहीत आहे," मालक म्हणाले.

छोट्या चौकटीत काम केलं तर मी ठीक चालायचो. फुल स्क्रीन केलं की अडखळायचो आणि पडायचो. शेजारच्या गल्लीतला दुरुस्तीवाला येऊन मला उघडून बघून गेला. "अहो, मग फुल स्क्रीन करताच कशाला? लहान चौकटीत बघा की," तो म्हणाला. त्याच्या मते तक्रार मिटली होती. मालक त्याला म्हणाले, "तुमच्या आईचा फोटो तुम्ही किल्लीच्या भोकातून बघाल का?" तो बिचारा मेमरीची एक जादा पट्टी बसवून निघून गेला. फरक पडला तो दोन दिवस.

मग चिऊने पदर खोचला. तिने माझा पंखा ब्रशने झाडला, आतली धूळ काढली. मागे चालणारे नको ते प्रोग्राम बंद केले. पडदा चालवणारा जुना प्रोग्राम काढून नवा घातला, तो आवडला नाही म्हणून परत जुना घातला. रोज एक नवा उपाय, आणि रोज संध्याकाळी तोच प्रश्न, "बाबा, आज कसा चालला?"

"मधेच काळं होतं गं," मालक सांगायचे.

इथेच घात झाला, मित्रांनो. कारण मी रोज पडत होतो हे खरं होतं, दिवसातून दोनदा, तीनदा. पण मालक "काळं झालं" म्हणायचे ते पाच-सहा वेळा. उरलेल्या वेळी मी चालू असायचो, स्वच्छ, उजेडात. सुरुवातीला मला वाटलं, त्यांचं मोजण्यात चुकत असेल. मग बाणाकडे माझं लक्ष गेलं. जो बाण एका खेपेत जागेवर जायचा, तो आता बटणाच्या शेजारी टकटक करायला लागला. पूर्वी आहे त्या मापात बघायचे तो फोटो ते दुप्पट मोठा करून बघू लागले, मग चौपट. एक बाई तक्रार घेऊन आली की तिच्या मुलाच्या गालावरचा तीळ फोटोतून गेलाय. मालकांनी तो डाग समजून पुसला होता. चिऊ तिला म्हणाली, "माफ करा, आमचा संगणक अडकतो, त्यात हात घसरला असेल." सगळं खापर माझ्या डोक्यावर फोडायची सोय होती. मी खरंच आजारी होतो, म्हणून त्यांच्या आजाराकडे कुणाची नजर गेली नाही. त्यांचीसुद्धा नाही. पडदा खराब आहे असं त्यांना खरोखर वाटत होतं, निदान बरेच दिवस तरी.

एके सकाळी चिऊ माझ्या पोटातला कचरा काढायला बसली. जागा मोकळी झाली तर मी नीट चालेन, असा तिचा हिशेब. ती जुने फोल्डर उघडून बघत होती आणि तिला एक बिननावाचा फोल्डर सापडला. त्यात एकच फोटो होता. कित्येक वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ट्रायल पुसता पुसता मी मधेच अडकलो होतो. मालकांनी वैतागून मला बंद करून परत चालू केलं, आणि त्या गोंधळात अर्धवट राहिलेला एक तुकडा मी कुठेतरी ठेवून दिला होता. मीच विसरलो होतो.

"बाबा," चिऊने हाक मारली. "बाबा, इकडे या."

मालकीणबाई फुलीवर उभ्या होत्या. क्लिक जरा आधी झालं असावं, कारण कागद अजून पोटाशीच होता. त्या कॅमेऱ्याकडे बघत नव्हत्या, त्याच्या थोडं वर, मालकांकडे बघत होत्या, आणि काहीतरी बोलायच्या बेतात हसत होत्या. फोटो अंधारा होता. खालच्या एका बाजूला फाटल्यासारखे रंगीत पट्टे होते, एक खांदा आणि हनुवटी त्यांनी खाऊन टाकली होती. पण त्या त्याच होत्या.

मालकांची पावलं माझ्यापाशी येऊन थांबली. मग मालक म्हणाले, "हा मी करणार. तू हात लावायचा नाहीस. हा झाला की मग दुकान तुझं."

त्या दिवसापासून मालक दुसरं काम बघेनात. अंधार उजळला. खांदा पलीकडच्या खांद्यावरून घेतला. हनुवटी ओळखपत्राच्या फोटोतून घेतली, कारण त्या हनुवटीवर भाजल्याची एक छोटी खूण होती आणि ती दुसऱ्या कुठल्याच फोटोत दिसत नव्हती. थोडं झालं की फुल स्क्रीन. "एकटी दिसू दे तिला." आणि मी पडायचो. पडताना केलेलं काम घेऊन पडायचो. सेव्ह करायची आठवण मालकांना राहायची नाही. तीही सवय बाईंचीच होती, त्या काउंटरवरून विचारायच्या, "ठेवलंत का?" एकदा अर्ध्या दिवसाचा खांदा गेला. मालक रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "परत करू," आणि पहिल्यापासून सुरू झाले. त्यांनी मला एक थप्पड मारली असती तर बरं वाटलं असतं.

चिऊ इरेला पेटली. तिला एकच हवं होतं, बाबांना आई नीट, पूर्ण पडद्यावर, दहा आकडे मोजेपर्यंत दिसावी. तिचे पाच महिने माझ्यात गेले. आणि एक दिवस पडद्यांच्या मांडणीचं पान उघडून बसली असताना ती स्वतःशीच म्हणाली, "दोन कसे?"

त्या पानावर दोन चौकटी होत्या, एक आणि दोन. एक म्हणजे नवा मोठा पडदा. दोन कुठला? तिने वायर हातात धरली आणि तिच्या मागोमाग टेबलाखालून, भिंतीच्या कडेने, काउंटरपर्यंत गेली.

पडदा बंद असला, त्यावर कापड असलं, तरी वायर जोडलेली असली की माझ्या लेखी तो असतोच. मी आजवर प्रत्येक फोटो तिकडेही रंगवत होतो. दोन्ही पडदे लहान होते तेव्हा ते मला झेपायचं. एक मोठा आल्यावर फुल स्क्रीनचा भार दुहेरी झाला आणि माझी कंबर मोडली.

"बाबा, आईचा पडदा अजून जोडलेला आहे," चिऊ म्हणाली. "हा तिच्यासाठीपण काढत बसतो सगळं. म्हणून पडतो. ती वायर काढावी लागेल."

मालकांची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"बाबा?"

"तिच्याकडचं बंद करू नकोस गं."

"मग तुम्ही बघणार कसं तिला?"

किल्लीवाल्याचं यंत्र शेजारी करकरत होतं, ते थांबलं आणि परत सुरू झालं. मग मालक म्हणाले, "काढ. हळूच काढ."

वायरीचे दोन छोटे स्क्रू फिरले आणि माझ्यातली दोन नंबरची चौकट नाहीशी झाली. मला एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची लाज वाटली.

चिऊने फोटो उघडला आणि फुल स्क्रीन केलं. बाई पडद्यावर आल्या. मी दहा मोजले, तीस मोजले, साठ मोजले. पंख्याची घरघरसुद्धा उतरली. मी पडलो नाही.

"बाबा! चालला! या, बसा इथे, लवकर!" चिऊ लहानपणीसारखी ओरडली. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. माउसवर तो हात आला, जो मी कुठेही ओळखला असता. आता मालक 'शाबास' म्हणतील म्हणून मी वाट बघत होतो. इतक्या महिन्यांत ते मला कुणी म्हटलं नव्हतं.

बाण खांद्यावरून निघाला. गालावरून गेला, थांबला नाही. डोळ्यांवरून गेला, थांबला नाही. पडद्याच्या कडेला जाऊन धडकला आणि तिथेच राहिला.

"परत बंद पडला गं, चिऊ," मालक म्हणाले.

"नाही बाबा. चालू आहे."

"नाही कसं? काळंच आहे सगळं."

"बाबा, आई समोर आहे तुमच्या."

"अगं मग दिवा तरी लाव आधी."

"दुपार आहे, बाबा," चिऊ म्हणाली. "दार उघडं आहे."

 मी तसाच चालू राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मला मनापासून बंद पडावंसं वाटत होतं. मी पडलो असतो तर मालकांचं म्हणणं खरं ठरलं असतं आणि सगळा दोष नेहमीसारखा माझ्याकडे आला असता. पण चिऊने मला इतकं छान दुरुस्त केलं होतं, की मला पडता येईना.

"किती दिवस झाले, बाबा?" तिने शेवटी विचारलं.

"धुरकट होतंच. मधे मधे काळं यायचं आणि जायचं. आज सकाळपासून जातच नाहीये." मग ते घाईघाईने म्हणाले, "मला वाटलं, हाच खराब आहे. खरंच वाटलं गं."

चिऊ रडत होती. "मी ह्या डबड्यात डोकं घालून बसले, बाबा. पाच महिने. तुम्ही इथे शेजारी बसला होतात."

"असू दे, असू दे," मालक म्हणत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "ती दिसतेय ना?"

"दिसतेय."

"कशी दिसतेय?"

"हसतेय. तुमच्याकडे बघून. काहीतरी बोलणार आहे."

"हनुवटीवरची खूण आहे ना? मी चुकून पुसली नाही ना?"

चिऊने हनुवटी मोठी करून बघितली. मित्रांनो, ती खूण तिथे नव्हती. दोन आठवड्यांपूर्वीच बाण तिच्यावरून तीनदा फिरला होता. हनुवटीवरचे ठिपके साफ करताना मालकांनी ती त्यांच्याबरोबरच पुसून टाकली होती, आणि दिलेलं काम मी तेव्हाही चोख केलं होतं.

"आहे, बाबा," चिऊ म्हणाली. "जिथल्या तिथे आहे."

त्याच दुपारी ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. साखरेमुळे डोळ्यांच्या आत रक्त झिरपत होतं, ते कित्येक महिने. डॉक्टर म्हणाले की काळं दिसायला लागलं तेव्हाच आला असतात तर पुष्कळ वाचवता आलं असतं. दोनदा शस्त्रक्रिया झाली. आता मालकांना उजेड आणि अंधार एवढंच वेगळं कळतं. हे सगळं चिऊ फोनवर कुणाला तरी सांगत होती, तेव्हा मी ऐकलं. दवाखान्यातून दुकानात परत आल्यावर सगळ्यात आधी तिने ओळखपत्राचा फोटो उघडला आणि हनुवटीवरची खूण जिथल्या तिथे आणून ठेवली. सेव्ह केलं. परत एकदा केलं. मग काउंटरपाशी जाऊन तिने ती लांब वायर उचलली आणि मला पुन्हा जोडली. त्या दिवसापासून बाईंच्या पडद्यावर कापड नसतं. फुल स्क्रीन आता कुणी करत नाही.

दुकान चिऊ चालवते. पहिल्या दिवशी ती एकटीच कॅमेरा लावत होती आणि उजेड काही केल्या बसेना. तेव्हा मालक काउंटरवरून उठले, भिंतीला हात लावत खोलीत गेले आणि म्हणाले, "मला त्या फुलीवर उभा कर. तेवढं तर जमेल."

थोड्या वेळाने त्या दिवसाचे फोटो माझ्यात आले. पहिलाच ट्रायल होता. एक पांढऱ्या केसांचा, बारीक अंगाचा माणूस, सदऱ्याचं वरचं बटण चुकलेलं, दोन्ही हातांनी छातीशी पांढरा कागद धरून अगदी सरळ उभा. नजर कॅमेऱ्याच्या जरा डावीकडे. इतकी वर्षं ज्यांच्या हाताखाली काढली, त्या माझ्या मालकांना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मित्रांनो, आमच्यासारखे म्हातारे शेवटी एक मागणं मागतात. आमची धूळ झाडा, आम्हाला भंगारात टाकू नका. माझं तसं काही मागणं नाही. माझी धूळ वेळच्या वेळी झाडली गेली, माझ्यात नवी पट्टी बसली, माझ्यासाठी एक शहाणी मुलगी पाच महिने खपली. माझी काळजी घ्यायला कुणी कमी पडलं नाही. त्यातली दोन दिवसांची काळजी शेजारच्या खुर्चीतल्या माणसाच्या वाट्याला आली असती तरी पुरलं असतं. घरातलं कुणी म्हणालं की नीट दिसत नाही, तर दिवा, चष्मा, पडदा सगळं नंतर बघा. आधी त्याच्याकडे बघा. आणि जो माणूस रोज दुसऱ्यांसाठी उजेडात उभा राहतो, त्याचा एखादा तरी फोटो ठेवा.

माझी जागा आता भरत आली आहे. दुरुस्तीवाला म्हणतो की पुढच्या महिन्यात नवा संगणक घ्या. चिऊ म्हणाली, घेऊ, पण आधी ह्यातला एक फोल्डर तिकडे गेला पाहिजे, बाकीचं नंतर. त्या फोल्डरात मालकीणबाईंचा एक फोटो आहे आणि मालकांचे दोनशे सत्तर. सगळे ट्रायल, सगळ्यांत तोच कागद, आणि बटण बहुतेक वेळा चुकलेलंच.

संध्याकाळी चिऊ दुकान आवरायला घेते. काउंटरवरून मालकांचा आवाज येतो, "चिऊ, झालं का मला पुसून?"

"झालं, बाबा," ती म्हणते. "निघा आता." आणि सेव्हचं बटण दाबते.